नाम, नामी आणि अधिकार
आभासी यंत्रे चालविणारे यजमान सर्व्हर कार्यालयाच्या डोमेनला जोडावेत, या मताचा आधार सोय आहे : अधिकार एकाच ठिकाणी देता-काढता येतात. लाभ खरा, परंतु व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचे उदाहरण विचारार्ह आहे. डोमेनला जोडलेला हा यजमान ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाच्या गटास आपोआप पूर्ण अधिकार देई. असा गट डोमेनमध्ये मुळात नसे. गट निर्माण करण्याची मुभा लाभलेल्या घुसखोराने त्या नावाचा गट काढला की काम झाले. ओळख नावावरून पटे, गटाच्या अंगभूत क्रमांकावरून नव्हे. नाम म्हणजेच नामी, हा भ्रम आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही शोभत नाही! खंडणीखोर टोळ्यांनी हीच वाट वापरल्याचे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. हा दोष निवारला गेला, तरी डोमेन परहस्तगत होताच यजमानही धोक्यात येतात, ही मूळ अडचण उरतेच. यास्तव यजमान वेगळे, निदान स्वतंत्र डोमेनमध्ये ठेवावेत, असे आमचे मत आहे.