'वैमानिकशास्त्र' आणि काळाची साक्ष

एखाद्या ग्रंथाचें मोल ठरविण्यापूर्वीं त्याचें वय ठरविणें हें टीकाकाराचें पहिलें काम होय. चंदगडच्या डोंगरउतारांवर काजू आज इतका रुळला आहे कीं, तो मूळचा ब्राझीलचा व पोर्तुगीजांनीं इकडे आणलेला, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. यादवकालीन म्हणून दाखविलेल्या दानपत्रांत काजूबागेचा उल्लेख निघाला, तर तें बनावट असें कोणीही जाणता मनुष्य म्हणेल.

भरद्वाज ऋषींच्या नांवावर चालणाऱ्या 'वैमानिकशास्त्रा'स हीच कसोटी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं लावली. त्यांचा निर्णय असा : ग्रंथाचें संस्कृत वैदिक नव्हे, अर्वाचीन आहे; रचना १९०४ पूर्वींची नाहीं; आणि त्यांतील आकृतींप्रमाणें बांधलेलें विमान उडणार नाहीं. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगून लिहविला होता. यामागें लबाडी होती कीं भाबडी श्रद्धा, हा प्रश्न आम्ही गौण मानतों. पुरावा म्हणून तो टिकत नाहीं, एवढें पुरे.

तरीही २०१५ सालीं मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्यें प्राचीन विमानांचा आधार म्हणून त्याचेंच नांव पुढें आलें! अशी चूक दुरुस्त करणें म्हणजे पूर्वजांचा अवमान, असें कित्येकांस वाटतें. आमचें मत उलट आहे. भास्कराचार्यांची ११५० सालची 'लीलावती' उदाहरण सोडवून पाहणारास आजही रोकडें उत्तर देते. तिच्या शेजारीं खोटें नाणें ठेवलें, तर पाहणारा खऱ्यावरही संशय घेईल. पूर्वजांचा मान राखावयाचा तर आधीं तें नाणें बाजूस काढावें.