बालकथेतील उपमा व दृष्टांत

बालकथेतील उपमा व दृष्टांत : मुलांसाठी रचलेल्या कथा-कादंबऱ्यांत एखादी वस्तू, व्यक्ती, भावना वा कल्पना दुसऱ्या परिचित वस्तूच्या आधाराने मांडण्याची रीत. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती व दृष्टांत हे अलंकार बालकथेत विशेषेकरून आढळतात. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत; पुढील अलंकारशास्त्रज्ञांनी त्यांची संख्या शंभराच्या वर नेली. या शास्त्राने अलंकाराचा विचार केला तो काव्याची शोभा वाढविणारा धर्म म्हणून. बालकथेतील उपमेचे कार्य मात्र या व्याख्येत पुरते सामावत नाही.

प्रौढ वाचकाला उपमेय व उपमान ही दोन्ही बहुधा ठाऊक असतात. मुख त्याने पाहिलेले असते, चंद्रही पाहिलेला असतो. दोहोंतील साधर्म्य नव्याने जाणवले, की त्याला आनंद होतो. बालवाचकाच्या बाबतीत उपमेय पुष्कळदा अज्ञातच असते. त्याने हिमनग पाहिलेला नसतो, राजवाडा पाहिलेला नसतो. मत्सर, पश्चात्ताप वा विरह यांचा अनुभव घेतला असला, तरी त्यांची नावे त्याला येत नसतात. अशा वेळी उपमा ही अज्ञाताकडे नेणारी एकमेव वाट ठरते. ती काढून टाकली, तर वाक्याची शोभा कमी होत नाही. अर्थच नाहीसा होतो. लेखक बालकथेत उपमा का योजतो, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. दुसरे असे, की सारखेपणा शोधणे हा मुलाचा मुळातला खेळ आहे. काठीचा घोडा करणारे मूल रूपक अलंकार शिकण्यापूर्वीच तो वापरीत असते, आणि कथाकार त्या खेळात सहभागी होतो इतकेच.

मराठीत या रीतीचा सर्वांत जुना लिखित पुरावा वऱ्हाडात सिद्ध झालेल्या ग्रंथात मिळतो, ही गोष्ट बालसाहित्याच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले ऋद्धपूर (रिद्धपूर) हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र रचले, ते येथेच. या ग्रंथात कावळ्याच्या शेणाच्या घराची व साळईच्या मेणाच्या घराची कहाणी चक्रधरांच्या तोंडी आली आहे. काऊ-चिऊची म्हणून आज घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट ती हीच. त्या काळीही ती नवी नसावी. तिची सहजता पाहता ती लोकांच्या तोंडी आधीपासून रुळलेली असली पाहिजे.

या कहाणीतील दोन घरे अभ्यासण्याजोगी आहेत. शेण व मेण या शब्दांचे यमक मुलाच्या कानाला प्रथम पकडते, परंतु केवळ यमकासाठी ही द्रव्ये निवडलेली नाहीत. शेण पाण्याने विरघळते, मेण विरघळत नाही. सारवलेली भिंत पहिल्या पावसात कशी ओघळते, हे खेड्यातील मुलाने स्वतः पाहिलेले असते. म्हणून पाऊस आला असे म्हणताच पुढे काय होणार हे ते सांगणाऱ्याच्या आधी ओळखते. कावळा निष्काळजी होता किंवा साळई दूरदर्शी होती, असे एकही विधान करण्याची गरज पडत नाही. घरेच त्यांचे स्वभाव सांगतात. (वैशाखातील वऱ्हाडी ऊन सोसलेले एखादे मूल मेणाचे घर उन्हाळ्यात कसे टिकले, असेही विचारील. गोष्ट पावसाळ्यात घडते, यात कथाकाराचे शहाणपण आहे.)

चक्रधरांच्याच दृष्टांतांचे केशिराजबासाने केलेले संकलन दृष्टांतपाठ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची रचना तीन अंगांची आहे : प्रथम सूत्र, नंतर ते समजावणारा दृष्टांत आणि शेवटी दृष्टांताचा सिद्धांताशी मेळ घालून देणारे दार्ष्टांतिक. जन्मांधांनी चाचपलेल्या हत्तीची सर्वपरिचित कथा या ग्रंथात आहे. बालकथेच्या अभ्यासकाला तिच्यात एक वेगळीच गंमत दिसते. कान चाचपणाऱ्याला हत्ती सुपासारखा वाटतो, पाय चाचपणाऱ्याला खांबासारखा. म्हणजे येथे उपमा हीच कथावस्तू आहे. प्रत्येक उपमा आपापल्या जागी खरी आहे आणि तरीही अपुरी आहे. एखादी गोष्ट दुसरीसारखी असणे आणि ती दुसरी गोष्टच असणे यांतील अंतर मुलाला इतक्या हसत-खेळत क्वचितच कोणी समजावून दिले असेल.

साधकासाठी असलेल्या दृष्टांताला दार्ष्टांतिक जोडलेले आहे. काऊ-साळईची कहाणी मात्र असे काहीही न जोडता सांगितली जाते. साधकाला सिद्धांत हवा असतो, म्हणून त्याच्यासाठी दृष्टांत उलगडून दाखवावा लागतो. मुलाला गोष्ट हवी असते, आणि उलगडण्याचे काम त्याचे त्यानेच करावयाचे असते. अर्वाचीन मराठी बालवाङ्‌मयाने या दोन वाटांपैकी पहिली उचलली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापली गेलेली बालबोध मुक्तावली आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसपनीतिकथा (१८२८) यांपासून इसापच्या गोष्टींचा प्रवाह मराठीत सुरू झाला. गोष्टीखाली तात्पर्य लिहिण्याची पद्धत या प्रवाहाबरोबर दृढ झाली आणि शालेय क्रमिक पुस्तकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली. तात्पर्य हे दार्ष्टांतिकाचेच शाळेतले रूप होय. कोल्हा, कावळा, सिंह ही पात्रे त्यामुळे गुणावगुणांच्या चिठ्ठ्या लावलेली बाहुली बनली. कोल्हा म्हणजे लबाडी हे समीकरण एकदा ठरले, की मुलाला कोल्ह्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध (१८८१) व वासुदेव गोविंद आपटे यांचे आनंद (१९०६) या मासिकांनी मुलांच्या गद्याला पुष्कळ मोकळेपणा आणला. तरी बोधाचा हव्यास पुढे बराच काळ टिकून राहिला.

बोध असूनही उपमा जिवंत कशी राहते, याचे उत्तम उदाहरण साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात सापडते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकावर अतिभावुकतेचा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. फुले, तारे, अश्रू यांच्या उपमांची गर्दी काही प्रकरणांत जाणवते. परंतु न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामचा प्रसंग निराळा आहे. आई त्याच्यासाठी आपले नेसूचे लुगडे दगडावर पसरते आणि नंतर पायांवरून मनाच्या स्वच्छतेकडे वळते. येथे उपमान बाहेरून आणलेले नाही. ते प्रसंगातच आहे. मुलाच्या ओल्या तळव्यांना जाणवलेले आहे. बोध उघडपणे केलेला असूनही तो उपराटा वाटत नाही, कारण आईने आधी लुगडे पसरले आणि मग शब्द उच्चारले. हाच क्रम उलट असता, तर हा प्रसंग एक नीतिपाठ होऊन बसला असता.

याच्या अगदी उलट टोकाला ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्या व चिंगी यांच्या कथा आहेत. त्या प्रसंग व संवाद यांवर उभ्या असून अलंकारांचा वापर त्यांत बेताचा आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची ओळख तर त्याच्या ‘ट्टॉक’ या आवाजाने पटते. ध्वन्यनुकारी शब्द ही उपमेची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. साहसकथेच्या वेगात लांब उपमेला थांबायला जागा नसते, तेथे ती उपयोगी पडते.

लाक्षणिक भाषा मुलांना कोणत्या वयात कळते, यावर मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. झां प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात म्हणींच्या आधारे असे दाखविले, की नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांनाही म्हणीचा अर्थ कळल्यासारखा वाटतो, परंतु प्रत्यक्षात तो कळलेला नसतो. पुढील संशोधनाने हे मत सौम्य केले. तुलनेतील दोन्ही गोष्टी मुलाच्या परिचयाच्या असतील आणि संदर्भ कथेत स्पष्ट असेल, तर त्याहून बरीच लहान मुलेही साधी रूपके समजू शकतात, असे आढळून आले. म्हणजे अडचण पुष्कळदा अलंकाराची नसून उपमानाच्या अपरिचयाची असते. शब्दशः अर्थ घेण्याची मुलांची सवयही कथाकाराच्या उपयोगी पडते. पोटात गोळा येणे, कान टवकारणे, आभाळ कोसळणे हे वाक्प्रचार प्रौढांच्या तोंडी झिजलेले असतात; मुलाला त्यांत खराखुरा गोळा आणि खरोखर कोसळणारे आभाळ दिसते. भीतीचे वर्णन करण्यासाठी आठ वर्षांच्या वाचकाला पोटातल्या गोळ्याइतका नेमका शब्द दुसरा कोणता देता येईल?

उपमान परिचयाचे असावे, हे मान्य केले, की कोणाच्या परिचयाचे, हा प्रश्न उद्‌भवतो. मराठी बालकथा दीर्घकाळ मुख्यत्वे पुणे-मुंबई येथून लिहिली व छापली गेली. तिच्यातील अथांगपणा समुद्राचा, गोडवा शहाळ्याचा वा आंब्याचा आणि गर्दी आगगाडीच्या फलाटावरची असते. अकोट-दर्यापूरकडील मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. त्याला ठाऊक असते ती उन्हाळ्यात हात घालावा इतकी भेगाळलेली काळी जमीन, पऱ्हाटीचे फुटलेले बोंड, कापसाने भरलेल्या बंडीवर झोपून पाहिलेले आभाळ, वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बहर आणि खारपाणपट्ट्यातील विहिरीचे घशाखाली न उतरणारे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात पाणी असूनही तहान भागत नाही. जवळ असून उपयोगी न पडणाऱ्या माणसाला याहून बोलकी उपमा मिळणे कठीण. पण मुलांच्या गोष्टीत ती सहसा भेटत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली म्हणत असलेल्या भुलाबाईच्या गाण्यांत घरातल्या व शेतातल्या वस्तू मोकळेपणाने वावरतात. उद्धव शेळके यांनी धग (१९६०) या कादंबरीत वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सिद्ध केले. परंतु ती कादंबरी प्रौढांची आहे. मुलांसाठी लिहू लागताच लेखक वऱ्हाडातला असला, तरी बहुधा ग्रांथिक भाषेचा अंगरखा चढवितो आणि त्याबरोबर उपमाही उसन्या घेतो.

याचा अर्थ मुलांना केवळ त्यांच्या गावशिवेतील उपमा द्याव्यात असा नाही. तसे केले, तर समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्र कधीच भेटणार नाही. समुद्र उपमेय म्हणून आला, तर काळ्या रानावर वाऱ्याने डोलणाऱ्या ज्वारीच्या पिकावरून तो दाखविता येतो. अडचण येते ती तो उपमान म्हणून, आधीच ठाऊक असल्याच्या थाटात आला म्हणजे. पहिल्या रीतीत मूल नवे काही मिळविते, दुसरीत त्याला आपण अडाणी असल्याची जाणीव होते. अशी जाणीव वारंवार झालेले मूल पुस्तकापासून दूर जाते, हे अनेक शिक्षकांनी अनुभविले आहे.

मेळघाटात हा प्रश्न आणखी अवघड होतो. तेथील कोरकू मुलांची घरची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील आहे. मराठी ही त्यांना शाळेत भेटणारी भाषा. येथे उपमान तर परके असतेच, ‘सारखा’ हा शब्दही नवा असतो. क्रमिक पुस्तकात शूर पुरुषाला वाघाची उपमा दिलेली असते. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या या डोंगरात वाघ म्हणजे शौर्याचे प्रतीक नसून गुरे चरायला नेताना ज्याच्या पावलांचे ठसे पाहावे लागतात, असा शेजारी आहे. त्या मुलाने शूर पुरुषाला वाघ म्हटल्याचे ऐकून त्या पुरुषापासून गुरे दूर ठेवावीत, असा अर्थ काढला, तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.