दोष सुईचा, नाव गायकाचं

१९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. हे तुम्हाला ठाऊक असेलच. परदेशात दोन वर्षं काढलेला मराठी माणूस हे वाक्य एकदा तरी कुणाला तरी ऐकवतोच. पण तबकडीबरोबर आणखी काय पाठवलं आहे, हे आपण सहसा सांगत नाही. तिच्यासोबत एक कार्ट्रिज आणि सुई आहे. वेष्टनावर सुई कुठे टेकवायची याची आकृती आहे. एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागावेत हेही तिथे कोरलेलं आहे. आपला सेकंद त्यांना कळणार नाही, म्हणून हायड्रोजनच्या अणूवरून ठरवलेल्या एककात. तबकडीतली चित्रं उलगडली की पहिलं चित्र नुसतं वर्तुळ. ते गोल दिसलं तर यंत्र नीट जुळलं आहे, असं समजायचं.

म्हणजे परग्रहावरच्या श्रोत्याला आपली जुळणी तपासून पाहायची सोय आहे. न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये वडिलांच्या एलपी काढून बसलेल्या श्रोत्याला ती नाही. आणि तो श्रोता लगेच मत देतो: रेकॉर्डिंग जुनं आहे, आवाज किनरा आहे, द्रुत ताना फाटतात.

मीही असं मत दिलं आहे. एका थोर गायकाच्या द्रुतातल्या तानांना मी वर्षभर बिनदिक्कत 'कर्कश' म्हणत होतो. मग एका शनिवारी कार्ट्रिजची जुळणी मोजून केली, आणि तो कर्कशपणा गायकाचा नव्हता हे कळलं. तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप हा हायफाय शौकिनांचा चाळा म्हणून सोडून देऊ नका. ज्याला गाण्याबद्दल मत द्यायचं आहे, त्याचं ते पहिलं काम आहे.

कारण साधं आहे. एलपी एका गतीने फिरते, पण सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग सारखा राहत नाही. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यात टोनआर्म एका टोकाला खिळलेला असल्याने सुई कंसात फिरते, तर तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत सरकत गेलेली असते. त्यामुळे संपूर्ण बाजूवर फक्त दोनच ठिकाणी सुई खाचेशी अगदी समांतर येते. बाकी सगळीकडे थोडी तिरकी.

आता आपल्या एलपीची मांडणी आठवा. एका बाजूला एक राग. बाहेरच्या ऐसपैस खाचांत संथ विलंबित, आणि बाजू संपत आली की द्रुत आणि तानांचा पाऊस. कार्ट्रिज जिथे सर्वांत दुबळं, तिथेच गायक सर्वांत जास्त मागतो. पाश्चात्त्य सिम्फनीचा शेवटही असाच अडचणीत सापडतो, पण आपल्याकडे हे जवळजवळ प्रत्येक बाजूला घडतं.

ही दोन ठिकाणं कुठे असावीत याचं गणित १९३८ मध्ये लोफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी मांडलं. आज सर्वाधिक वापरली जाणारी बेअरवाल्डची जुळणी मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई समांतर आणते. उद्देश हा की संपूर्ण बाजूवरची चूक आटोक्यात राहावी. १९६६ मध्ये स्टीव्हनसनने आतलं ठिकाण ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे संगीताच्या जवळजवळ शेवटच्या खाचेवर नेलं. त्याची किंमत मधल्या भागात चुकवावी लागते, म्हणून पुष्कळ जाणकार ही जुळणी नाकारतात. त्यांच्या संगीतासाठी ते बरोबरही असेल. पण ज्याच्या कपाटात बहुतेक खयाल आहे, त्याने स्टीव्हनसनचा विचार जरूर करावा. मधल्या विलंबितात थोडी विकृती खपून जाते, शेवटच्या तानेत नाही.

दुसरा गैरसमज वजनाचा. सुई जितकी हलकी तितकी तबकडी सुरक्षित, असं आपल्याकडे वडीलधारे सांगत आले. खरं उलटं आहे. वजन कमी पडलं की मोठ्या आवाजाच्या वळणावर सुई खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते. तो घाव कायमचा. कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर १.५ ते २ ग्रॅम लिहिलं असेल, तर १ वर ठेवण्यात कनवाळूपणा नाही. लहानसा डिजिटल काटा घ्या. चाचणीच्या तबकडीवर ३१५ हर्ट्झचा सूर पायरीपायरीने मोठा होत जातो. कुठल्या पायरीवर भुणभुण सुरू होते ते ऐका आणि कागदावरच्या मर्यादेत राहून वजन जुळवा.

तिसरी गोष्ट दिसत नाही म्हणून राहून जाते: वायर. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची गुंडाळी आणि वायरची विद्युत धारकता मिळून एक अनुनाद तयार होतो. गुंडाळी अर्ध्या हेन्रीची आणि धारकता १५० पिकोफॅरड असेल, तर तो सुमारे १८,००० हर्ट्झवर, बहुतेकांच्या कानांपलीकडे. लांब वायरीने ३०० झाली की तो १३,००० वर उतरतो. मग आवाजाला एक काचेरी धार येते आणि त्यावरचं सगळं ढासळतं. तानपुऱ्याची जवारी अकारण चरचरते, आणि आपण म्हणतो, भारतातलं प्रेसिंगच वाईट.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर आपण याहून मोठा अन्याय करतो. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं. ७८ च्या रुंद खाचेला ६५ ते ७५ लागतं. बारीक सुई तळाच्या धुळीतून घसरत जाते आणि आपण ऐकतो ती बरीचशी धूळच. त्यावर १९५४ पासून रुळलेली आरआयएए दुरुस्ती आपला प्रीअँप आपोआप लावतो. ती १०,००० हर्ट्झला आवाज सुमारे १४ डेसिबलने खाली आणते, कारण एलपी कापताना तो तेवढा चढवलेला असतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या ७८ मध्ये असा उठाव सहसा दिलेलाच नसे. न दिलेलं कर्ज आपण वसूल करतो आणि वर म्हणतो, आवाज दबका आहे.

गतीचंही तसंच. जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापल्या जात नसत. ८० ची तबकडी ७८ वर लावली, तर पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्म्याने उतरते. इथे मात्र चाचणीची तबकडी मदत करत नाही. ती तुमचं यंत्र ७८ वर आहे एवढंच सांगेल. गाणारी व्यक्ती तेव्हा कुठल्या पट्टीत होती, हे साथीच्या हार्मोनियमवरून आणि तिच्या इतर तबकड्यांशी ताडून पाहूनच ठरवावं लागतं.

मोजमापाची हद्द तिथे संपते, आणि आकड्यांच्या भक्तांना हे सांगायलाच हवं. परीक्षणांतले सुंदर आलेख सहसा एका ठराविक पट्ट्यावरच्या, अंगाने साध्या सुरांचे असतात. मींड, गमक, तबल्यावर आदळणारी तान त्यात नसते. जुळणी झाल्यावर बाजूचा शेवट ऐकायचा, सुरुवात नव्हे. 'स' आणि 'श' फुटत नाहीत ना, दोन्ही स्पीकरमधून आवाज मध्ये एकवटतो ना, एवढं कानांनीच ठरवायचं.

हे आत्ताच का सांगतो आहे? कारण आपल्यात अनेक घरं लहान होत आहेत. आई-वडिलांच्या तबकड्या एकदा डिजिटल करून घ्यायच्या आणि देऊन टाकायच्या, असं चाललं आहे. त्या एका दुपारी सुई हलकी, तिरकी किंवा चुकीच्या टोकाची असेल, तर तीच चूक नातवंडांसाठी मूळ रेकॉर्डिंग बनेल. ती मुलं ऐकतील आणि म्हणतील, आजोबांना हे का आवडायचं कुणास ठाऊक. म्हणून घाई करू नका. आधी काटा आणि जुळणीचा कागद घ्या, एक संध्याकाळ घालवा. ७८ असतील तर योग्य सुई मिळवा आणि आरआयएएशिवायची प्रतही साठवा, म्हणजे दुरुस्ती पुढे कुणालाही करता येईल. आणि फाइल तयार झाल्यावरही, शक्य असेल तर, तबकडी देऊ नका.

केसरबाईंची एक प्रत योग्य सुईसकट सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेली आहे. घरातल्या प्रतीला निदान तेवढा मान द्यायला हरकत नाही.