विडंबनाचा रोख: एका छापील टी-शर्टच्या निमित्ताने

विडंबन हा प्रकार मराठी समीक्षेने बहुधा विनोदी वाङ्मयाच्या कप्प्यात टाकून दिला. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’चा उल्लेख करायचा, ‘केशवकुमार’ या टोपणनावात केशवसुतांची आठवण आहे हे सांगायचे आणि पुढे जायचे, अशी रीत पडली. विडंबन ही मूळ कृतीची समीक्षा असते काय, हा प्रश्न त्यामुळे नीट विचारलाच गेला नाही. समीक्षकाने टाळलेला हा प्रश्न आता टी-शर्ट छापून विकणाऱ्यासमोर कायद्याचा प्रश्न म्हणून उभा राहतो.

वाळवा तालुक्यातले इस्लामपूर घेऊ. याच तालुक्यातील वाटेगावी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. समजा, जयंतीच्या सुमारास इस्लामपुरातल्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने तीन टी-शर्ट विक्रीला काढले. पहिल्यावर ‘फकिरा’ एवढा एकच शब्द आहे. दुसऱ्यावर ‘माझी मैना’ या छक्कडीचे एक कडवे आहे. शब्द फिरवून ते ऊसदराच्या गाऱ्हाण्याला लावले आहे. तिसऱ्यावर तेच कडवे उलटवून मैनेच्या तोंडी घातले आहे: गावी राहिलेल्या बाईने मुंबईला गेलेल्या पुरुषाला दिलेले उत्तर.

अण्णा भाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, या हिशेबाने त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०२९ अखेरपर्यंत टिकतो. (त्याच वर्षी १३ जूनला गेलेल्या अत्र्यांचेही तेच.) पहिल्या टी-शर्टला अर्थात धोका नाही. केवळ शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या वादात २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

खरा पेच दुसऱ्या आणि तिसऱ्या टी-शर्टचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘विडंबन’ हा शब्दच नाही. कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षण यांसाठी केलेल्या उचित वापराला सूट आहे. म्हणजे विडंबनकाराला बचाव हवा असेल, तर आपण टीकाकार आहोत हे त्याला सिद्ध करावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या कॅम्पबेल निवाड्यात मूळ कृतीवर रोख असलेले विडंबन आणि मूळ कृतीला वाहन करून दुसऱ्याच कशावर केलेला उपहास यांत भेद केला, आणि दुसऱ्याला उसनवारीचे समर्थन अधिक कष्टाने द्यावे लागेल असे मानले. लिंडा हचन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात नेमकी येथेच अडचण दाखवली होती: आधुनिक विडंबनात मूळ संहिता पुष्कळदा लक्ष्य नसते, ती शस्त्र असते.

तिसरा टी-शर्ट या कसोटीवर उतरतो, आणि माझ्या मते तो तिघांत एकमेव समीक्षात्म आहे. मुळातील मैना ही विरहातली बायको असतानाच संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाचे रूपकही होते. तिला बोलायला लावणे म्हणजे बाईचा भूप्रदेश करणाऱ्या त्या रूपकावरच बोट ठेवणे होय. एखाद्या प्रबंधाच्या प्रकरणात जे सांगायला वीस पाने लागतील, ते येथे चार ओळींत होते.

दुसऱ्याचे काय? येथे आपल्या कायद्याचे शब्द बारकाईने वाचायला हवेत. टीका ‘त्या कृतीची किंवा अन्य कोणत्याही कृतीची’ चालते, असे कलम म्हणते. शस्त्र म्हणून मूळ संहिता वापरण्याला येथे जागा आहे. मात्र लक्ष्य ही कृतीच असली पाहिजे. ऊसदर ही कृती नव्हे! तरीही वाट अगदीच बंद नाही. तोप्पिल भासी यांच्या ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ या १९५२ च्या मल्याळम नाटकातील पात्रे आणि प्रसंग घेऊन सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले. ज्या दलितांनी चळवळीसाठी सोसले त्यांच्या पदरी काय पडले, हा त्याचा सवाल होता. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये किती उचलले, कशासाठी उचलले आणि दोन कृतींत बाजारात स्पर्धा होईल काय, हे पाहून प्रतिनाटकाला प्रथमदर्शनी उचित वापर मानले. कृतीवरची टीका तेथे कृतीमागच्या राजकारणापर्यंत गेली होती, आणि न्यायालयाने ती अडवली नाही. पण तिची वाट कृतीतूनच जात होती, हे विसरता येत नाही. ऊसदराचा टी-शर्ट कडव्याला नुसता खांदा देतो. त्याची बाजू लंगडीच राहते.

मला यातली खंत वेगळीच वाटते. रूढ साचा उचलून त्यात परका आशय भरणे ही आपल्या लोकपरंपरेची नित्याची चाल आहे. खुद्द अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातून गणपतीला बाजूला सारून तेथे मातृभूमी आणि हुतात्मे यांना वंदन आणले. त्यांचा रोख गणावर होता की समाजावर, असे कोणी विचारले नाही, कारण साचा कोणाच्याच मालकीचा नव्हता. पुढच्या शाहिराला मात्र त्यांचे शब्द घेताना हा प्रश्न विचारला जाणार. मौखिक परंपरेने जे सढळपणे दिले, त्याला मुद्रणाने धनी मिळवून दिला; आणि लेखणीवर जगू पाहणाऱ्या, चिरागनगरच्या झोपडपट्टीत दिवस काढलेल्या लेखकाच्या बाबतीत तो धनी असू नये असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

१ जानेवारी २०३० रोजी हे शब्द सर्वांचे होतील. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५७ मधील मुदतीची अट काढून टाकली आहे. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विपर्यासाला त्याचे वारस त्यानंतरही हरकत घेऊ शकतात. ऊसदराचा टी-शर्ट त्या दिवशी बहुधा मोकळा होईल. मैनेचे उत्तर छापणाऱ्याला मात्र, ते मूळ कृतीला थेट भिडते म्हणूनच, या कलमाकडे पाहावे लागेल.