जात्यभिमान आणि दोन मापें

सार्वजनिक बोलण्यांत अलीकडे एक तक्रार इतक्या वेळां ऐकूं येते कीं, तिची एकदां नीट तपासणी करणें टीकाकारासही भाग आहे. तक्रार अशी: "त्यांनीं आपल्या जातीचा अभिमान मिरविला म्हणजे ती अस्मिता, आणि आम्हीं मिरविला म्हणजे तो जातीयवाद, हा कोठला न्याय?" आमच्या शेवगांवांत ती बाजारपेठेंत ऐकूं येते, एस. टी. च्या थांब्यावर ऐकूं येते, आणि कॉलेजांतील चांगलीं गुणी मुलें ती तळमळीनें मांडतात. ट्रॅक्टरवर, मोटारसायकलीच्या नंबरपाटीवर, मोबाइलच्या स्टेटसवर जातीचें नांव लिहिण्याची चढाओढ येथें इतर कोणत्याही तालुक्याच्या गांवाइतकीच आहे. तक्रार करणारा प्रत्येक जण लबाड असतो असें आम्ही मानीत नाहीं. ज्याच्या बापाची कपाशी लागोपाठ दोन वर्षें बुडाली आहे, त्या मुलास 'तूं वरच्या जातीचा' असें सांगितलें तर त्याला तें थट्टेसारखें वाटणारच. परंतु तक्रार मनापासूनची असणें निराळें आणि ती खरी असणें निराळें.

सभांतून ह्या प्रश्नाचा पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. आमच्या मतें एका मराठी कथेनें तो जितका स्वच्छ मांडला तितका कोणत्याही व्याख्यानानें मांडलेला नाहीं. बाबुराव बागुल ह्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही ती कथा. त्याच नांवाचा संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठीं गुजरातेंत उधना येथें जातो. राहावयास जागा मिळावी म्हणून तो जात सांगत नाहीं. न सांगतांच तो त्या लोकांचा होऊन जातो. त्याच्या बुद्धीचें कौतुक होतें, त्याच्या शब्दास मान मिळतो. त्याच ठिकाणीं काशीनाथ नांवाचा दुसरा तरुण मात्र आपली जात उघड सांगतो, कोणी हिणविलें तर अंगावर धांवून जातो, आणि सर्वांच्या डोळ्यांत सलतो. शेवटीं नायकाचें बिंग फुटतें, त्याला बेदम मार पडतो, आणि त्याला सोडवावयास येतो तो काशीनाथच.

ह्या कथेच्या नांवांतील 'चोरली' ह्या शब्दावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. मनुष्य दुसऱ्याची वस्तु चोरतो. येथें त्यानें स्वतःचीच वस्तु चोरली आहे! मग फिर्यादी कोण? ज्यांना ती जात कळण्याचा आपला हक्कच आहे असें वाटत होतें, ते. दोघे तरुण एकाच जातीचे, एकाच कारखान्यांतले. एकाचे गुण दिसतात, कारण तो गप्प आहे, आणि दुसऱ्याचे दिसत नाहींत, कारण तो बोलला आहे. दोन मापें तीं हीं. काशीनाथ जातीचें नांव घेतो तें फुशारकीनें नव्हे. चोर होण्याचें नाकारण्याचा त्याच्यापाशीं तेवढा एकच मार्ग आहे. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्याच्या ताठ मानेला आपल्या खालीं दुसरें कोणी उभें असण्याची गरज नाहीं. घरमालकाच्या अभिमानाचें तसें नाहीं. तो कधीं मोठ्यानें बोलत नाहीं. तो फक्त विचारतो. आमच्याकडे तो प्रश्न अत्यंत सभ्य आहे. नवा भाडेकरी 'पाटील' म्हणाला कीं घरधनी हंसून म्हणतो, "पाटील म्हणजे कोणते पाटील?"

हा न बोलणारा अभिमान आमच्या वाङ्मयांतही आहे, आणि टीकाकारांनीं त्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत एखादा जाडजूड कुलवृत्तान्त असेल. मूळ पुरुष कोण, शाखा किती, कोण कोणत्या संस्थानांत कारभारी होता, असें सारें त्यांत असतें. त्याला कोणी जातीय वाङ्मय म्हणत नाहीं, आणि आम्हीही म्हणूं इच्छीत नाहीं. पूर्वजांची माहिती ठेवणें हा अपराध नव्हे. पण दया पवारांचें 'बलुतं' १९७८ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तें 'समाजशास्त्रीय दस्तऐवज' म्हणून गौरविण्यांत पुष्कळांनीं समाधान मानलें. हा गौरव आहे कीं सभ्य शब्दांतली हद्दपारी, ह्याचा विचार व्हावा. पवार हे आमच्याच जिल्ह्यांतील, अकोले तालुक्यांतल्या धामणगांवचे. त्यांच्या पुस्तकांत दगडू मारुती पवार हा आपली हकीकत दया पवार ह्या सुशिक्षित गृहस्थास सांगतो, म्हणजे एकाच मनुष्याचे दोन भाग समोरासमोर बसतात. एकास विसरावयाचें आहे आणि दुसरा विसरूं देत नाहीं. ही रचना दस्तऐवजाची नव्हे. ती कलावंताची आहे, आणि मराठी आत्मचरित्रांत तिला तोड थोडी. शिवाय, हें पुस्तक अभिमानाचें आहे असें म्हणणारांनीं तें वाचलेंच नसावें. त्यांतील मुख्य भावना लाजेची आहे. ती लाज लेखकानें चव्हाट्यावर मांडली म्हणून त्याच्या समाजांतील कांहीं सुशिक्षितच त्याच्यावर रागावले होते.

ह्याच्या शेजारीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ठेवावीं. १९३४ पासून भागांभागांनीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तकही राहुरी-नगरच्या मातीत वाढलेलें आहे. वडिलांच्या सोवळ्याचें वेड, मग पतीचें धर्मांतर, मग स्वतःच्या मनांतील जात एकेक पायरीनें सोडीत जाणें, हें सारें लक्ष्मीबाई हंसत हंसत सांगतात. तें हंसूं निर्मळ आहे, आणि आम्हांस तें पुस्तक प्रिय आहे. तथापि जात सोडतांना हंसतां येणें ही ज्याला ती वरून मिळाली त्याची सवलत आहे. दगडूला ती नव्हती. एकाच जिल्ह्यांतील हीं दोन पुस्तकें एकत्र वाचल्याशिवाय कोणाही विद्यार्थ्यानें दुटप्पीपणाविषयीं निबंध लिहूं नये, असें आम्ही म्हणूं.

अमेरिकेंत हीच तक्रार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' त्या देशांतील दास्यमुक्तीसाठीं झटणाऱ्या लोकांस अर्पण केली, आणि १९७२ सालीं मुंबईच्या तरुणांनीं 'दलित पँथर' हें नांव तेथीलच काळ्या चळवळीवरून घेतलें. तेव्हां तुलना आम्हीं ओढून आणलेली नाहीं. तेथें १९६४ च्या कायद्यानें सार्वजनिक जागांतील वेगळेपणा बंद झाला, आणि लगोलग प्रश्न आला कीं, काळ्यांनीं काळेपणाचा अभिमान धरावा तर गोऱ्यांनीं गोरेपणाचा कां धरूं नये? उत्तर तेथील रस्त्यांवरच आहे. आयरिश लोकांची मिरवणूक निघते, इटालियनांची निघते, कोणी हरकत घेत नाहीं. काळ्या माणसाचा मुलूख, भाषा, आडनांव, सगळेंच जहाजांत काढून घेतलें गेलें होतें. त्याच्या हातीं उरला तो ज्या शब्दानें त्याला हिणविलें तो शब्द. 'गोरा' हा शब्द मात्र कोणत्या गांवाचा वा गाण्याचा नव्हता. तो रेषा ओढण्यापुरताच होता.

आमच्याकडे डिसेंबर २०२० मध्यें राज्य मंत्रिमंडळानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचें मर्म हेंच. 'महारवाडा' हें गांवानें लादलेलें नांव. 'भीमनगर' हें राहणारांनीं निवडलेलें. दोन्ही पाट्यांवर जात वाचतां येते हें खरें, पण म्हणून त्या सारख्या ठरत नाहींत. नांवांचीच गोष्ट निघाली आहे तर, गोदावरीपलीकडच्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ सालीं केला, आणि तें नांव, तेंही जुन्या नांवास जोडून, लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. मध्यंतरीं घरें जळलीं, माणसें मेलीं. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, तेव्हां तसें कांहीं घडलें नाहीं. अहिल्याबाईंविषयींच्या आदरांत आम्ही कोणाच्या मागें नाहीं. पण माप कोणाचें जड होतें, तें ह्या दोन तारखा सांगतात.

ह्या जिल्ह्याविषयीं लिहितांना नुसत्या पुस्तकांवर थांबतां येत नाहीं. २०१५ सालीं शिर्डींत मोबाइलवर आंबेडकरांचें गाणें वाजलें, त्यावरून झालेल्या भांडणांत एका दलित तरुणाचा जीव गेला. एप्रिल २०१४ मध्यें खर्डा येथें एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. जुलै २०१६ मध्यें कोपर्डींत एका मराठा शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यांत आलें. नोव्हेंबर २०१७ ह्या एकाच महिन्यांत जिल्ह्याच्या न्यायालयांत दोन्ही खटल्यांचे निकाल लागले. कोपर्डीच्या तिघां आरोपींस फांशी झाली. खर्ड्याचे साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. कोपर्डीनंतरच्या मूक मोर्चांतील शोक खरा होता, आणि त्या मुलीस न्याय मागणें ही कोणाही माणसाची मागणी आहे. पण त्याच फलकावर अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यांत बदल करा, ही मागणी कशी आली? त्या गुन्ह्याचा आणि त्या कायद्याचा कांहीं संबंध नव्हता. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना कोपर्डी आठवते आणि खर्डा आठवत नाहीं, त्यांनीं आपल्या घरांतील माप तपासावें. ज्यांना उलट आठवतें, त्यांनींही.

कारण ही कसोटी एकाच बाजूला लावावयाची नाहीं. खालीं कोणी उभें लागत असेल तर तो अभिमान दलितांचा असला म्हणून शुद्ध होत नाहीं. हें बाहेरच्या टीकाकारांनीं सांगण्याआधीं त्यांच्याच लेखिकांनीं सांगितलें, आणि अधिक निर्भीडपणें सांगितलें. बेबीताई कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्यें वस्तींतील सुनेचे हाल आहेत. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) मध्यें चळवळींतल्या पुरुषाचें घरांतलें रूप आहे. मलिका अमरशेख ह्यांचें 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) तर पँथरच्या नायकाच्याच घरांतून आलें. ह्या पुस्तकांपुढें मागाहून निघालेलीं कित्येक आत्मकथनें, ज्यांत भूक, मार आणि परीक्षेचा निकाल ठराविक क्रमानें येतो, फिकीं वाटतात. तो साचा झाला आहे, आणि नवशिक्यांनीं तो टाकावा.

जातींतल्या जातींचेंही तेंच. १९५८ सालीं मुंबईंत पहिलें दलित साहित्य संमेलन भरलें त्याचें उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनीं केलें, ते मातंग होते. आणि १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानें 'दलित' ह्या शब्दांत भूमिहीन मजूर, कामकरी आणि स्त्रियाही घेतल्या, म्हणजे जन्मावरचें नांव सोडून सोसण्यावरचें नांव घेतलें. आज कित्येक गांवांत अण्णाभाऊंची जयंती एका वस्तींत आणि बाबासाहेबांची दुसऱ्या वस्तींत होते. अनुसूचित जातींत पोटवर्ग पाडण्यास सर्वोच्च न्यायालयानें मुभा दिली ती १ ऑगस्ट २०२४ रोजीं, म्हणजे अण्णाभाऊंच्या जयंतीच्याच दिवशीं. तेव्हांपासून 'आमच्यावरच अन्याय कां' आणि 'त्यांनाच सारें कां' हे शब्द ह्या दोन वस्त्यांमध्येंही ऐकूं येतात.