चौदा वर्षांचा धीर

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ज्या समाजाची कहाणी, त्याच्याच दारात. माहितीपट तीन तासांहून लांब, आणि चित्रीकरण तब्बल चौदा वर्षांचं. त्याचं सगळं सामर्थ्य या वेळ देण्यात आहे.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या सकाळी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांनी सांगितलं. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने राखीव दलाचे अधिकारी मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली, पण पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

एवढा मजकूर वर्तमानपत्राच्या एका रकान्यात मावतो. पटवर्धन त्या रकान्यातला ‘दहा’ हा आकडा फोडतात आणि आपल्याला घराघरांत नेतात. माणसं आपला माणूस कसा गेला ते सांगतात. त्यांच्या बोलण्यावर करुण संगीत चढवलेलं नाही, निवेदकही मध्ये पडत नाही. कोर्टाच्या तारखा पडत राहतात, दर जुलैला हुतात्म्यांना अभिवादन होतं, नेते युत्या बदलतात. न्यायाची वाट पाहणं म्हणजे काय, हे चित्रपट सांगत बसत नाही. आपल्यालाही ताटकळत ठेवतो. इतकी लांबी कशाला, हा प्रश्न तिथेच गळून पडतो.

दुसरा धागा शाहीर विलास घोगरे यांचा. पटवर्धन यांच्याच १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात गायलेला हा माणूस गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेऊन गेला. डोक्याला निळं फडकं बांधलेलं. आयुष्यभर डाव्या चळवळीसाठी गायला, पण अखेरीस तिच्यापासून दुरावला होता. जुन्या चित्रफितीत त्याचा खडा आवाज ऐकू येतो तेव्हा तो गेलेला आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि त्याच सुरातला आवेश काळजाला चरे पाडतो. एरवी जलशात टाळ्या घेणारं गाणं इथे शोकाचं काम करतं आणि साक्षीचंही.

उत्तरार्धात कबीर कला मंच हे तरुण शाहिरांचं पथक येतं, आणि काही काळ मूळ कुटुंबांवरची पकड सैल होते. पण मंचाच्या गायिका शीतल साठे यांची आई बोलू लागते आणि चित्रपट पुन्हा घरात शिरतो. आईची देवावरची श्रद्धा आणि मुलीचा विद्रोह एकाच छपराखाली नांदतात. दोघींत बरोबर कोण, हा निवाडा पटवर्धन करत नाहीत. हिंसेची झळ लागलेलं घर म्हणजे फक्त आसवं नव्हेत, तिथे वाद असतात, थट्टा असते, स्वयंपाक असतो, हे त्यांना नेमकं दिसलंय.

आपण कल्याणजवळच्या आंबिवलीकरांनी हा चित्रपट आवर्जून पाहावा. आपली लोकल मुलुंड-घाटकोपरवरूनच जाते, हे एक कारण. दुसरं जरा अडचणीचं आहे. आपल्या गावातल्या इराणी वस्तीबद्दल आपण जे ‘जाणतो’, ते बहुतेक पोलिसी बातम्यांतून आलेलं. काहींच्या गुन्ह्यांचा शिक्का अख्ख्या वस्तीवर बसतो आणि मग तिथल्या दाराआड कोण राहतं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. रमाबाई नगर आणि इराणी वस्ती यांचा इतिहास वेगळा, दुःखही वेगळं. पण ‘जमाव’ म्हटलं की माणसं दिसेनाशी होतात, हे दोन्हीकडे सारखंच. एका वस्तीला चौदा वर्षं ऐकून घेणाऱ्या या कलाकृतीला दाद द्यायची, तर शेजारच्या वस्तीविषयी मत बनवण्याआधी तिथल्या माणसांचं म्हणणं ऐकण्याइतका धीर आपणही दाखवायला हवा.