वाड्याची मालकी आणि वाड्याचा इतिहास : भिडेवाड्याच्या निमित्ताने

पुण्यातील जुन्या वाड्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बऱ्याचशा लेखनाची घडण एकच आहे. वाडा कोणी बांधला, त्यास चौक किती होते, कोण थोर पुरुष तेथे राहून गेले, एवढे सांगून लेखक थांबतो. १८१८ नंतरची दोनशे वर्षे ‘पुढे वाडा अनेकांच्या हाती गेला’ अशा एका वाक्यात उरकली जातात. ह्या एका वाक्याची किंमत काय पडते, हे बुधवार पेठेतील भिडेवाड्याच्या उदाहरणावरून तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : मालकी, वहिवाट आणि नाव. ह्या तिन्ही एकाच हाती असतात असे आपण गृहीत धरतो. वास्तविक त्या क्वचितच एकत्र नांदतात. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधविला. पेशवाई बुडाल्यावर तो कंपनी सरकारकडे गेला, १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि पुढे तो नगरपालिकेकडे आला. मालक बदलले, उपयोग बदलले. नाव मात्र टिकले. उलट नारायण पेठेतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतल्यानंतर लोकांच्या तोंडी तो ‘केसरीवाडा’ झाला. येथे नावाने मालकाचा नव्हे, तर त्या वास्तूत चाललेल्या कार्याचा पाठलाग केला. तेव्हा केवळ नावावरून मालकी आणि मालकीवरून महत्त्व ठरविणे ही पद्धत सदोष आहे, हे उघड आहे.

भिडेवाड्यात हा दोष ठळकपणे दिसून येतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा ह्या वाड्यात काढली. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा, शाळा फुल्यांची. शाळेच्या इतिहासकाराने फुल्यांचे नाव घेतले, वाड्याच्या पाटीने भिड्यांचे. ह्या दोहोंना जोडणारी जी कृती, म्हणजे मालकाने दार उघडून देणे, तिची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही. ही कृती क्षुल्लक नव्हती. शाळेच्या कार्यामुळे जोतीरावांना स्वतःच्या वडिलांचे घर सोडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी अशा शाळेस जागा देणे म्हणजे काय होते, ते कळते. १८५१ मध्ये फुल्यांनी त्याच पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा काढली. स्वतःची वास्तू नसलेली ही चळवळ घरमालकांच्या संमतीवर उभी होती. १८५२ मध्ये फुल्यांचा सरकारी सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यात. सरकारला आपल्या वास्तूत सत्कार करण्यास कसलाही धोका नव्हता. खाजगी वाड्याच्या मालकास होता. हा भेद मालकीचा इतिहास पाहिल्यावाचून हाती लागत नाही.

कोणी म्हणेल की खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे चाळणे हे वकिलाचे काम. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारांचा मागोवा घ्यावा. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मालकीचे कागद मुके असतात. जागा शाळेस दिली, तीत मुली बसल्या, ही गोष्ट कोणत्याही खरेदीखताच्या चतुःसीमेत बसत नाही. केवळ हस्तांतरांची साखळी लिहून काढणारा अभ्यासक वाड्याचा सातबारा लिहील, इतिहास नव्हे. तथापि ह्यावरून साखळीच सोडून द्यावी असे निष्पन्न होत नाही. तिच्याखेरीज वास्तूचे पुढे काय झाले आणि का झाले, ह्याचा उलगडा होत नाही.

शहरी वाड्यांची अवस्था पाहता हे पटेल. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की खणाखणाने वाडा विभागला जाई. पुढे भाडेकरू आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि भाडेकरूस संरक्षण दिले. ते संरक्षण गरजेचे होते. परंतु तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती करणे मालकास परवडेना आणि परक्या मालकीच्या भिंतीवर खर्च करण्यास भाडेकरू धजेना. वाडे पडले ते निव्वळ उपेक्षेने नव्हे, तर मालकी आणि वहिवाट ह्यांची अशी फारकत झाल्यामुळे.

भिडेवाड्याच्या खालच्या भागात रस्त्याच्या बाजूस दुकाने थाटली गेली आणि त्या प्रत्येकाचे हक्क निर्माण झाले. महानगरपालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी जागा संपादन करण्याचे ठरविले, तेव्हा हे हक्क न्यायालयात उभे राहिले आणि वाद दशकाहून अधिक काळ चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण वाडा पाडण्यात आला. स्मारकास जागा मिळाली. परंतु ज्या भिंतींमुळे ती जागा स्मारकयोग्य ठरली, त्या भिंती उरल्या नाहीत.

ह्यात दुकानदारांना खलनायक ठरविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. आपल्या उपजीविकेसाठी ते कायद्याने दिलेल्या मार्गाने भांडले. प्रश्न निराळा आहे. १८४८ ची शाळा आपण शंभरदा सांगितली. पण त्या वर्षापासून आजपर्यंत वाडा कोणाकोणाच्या हातून आणि कोणत्या अटींवर गेला, हे सांगण्याकडे अभ्यासकांनी लक्ष पुरविले नाही. समाजाने ज्याचा गौरव केला ते वहिवाटीतून निर्माण झाले होते. कायद्याने ज्याची दखल घेतली ती मालकी आणि भाडेपट्टा. दोहोंमधील दुवा सिद्ध करणे हे इतिहासाचे काम होते, आणि ते वेळेवर झाले नाही.

म्हणून यापुढे वाड्याचा इतिहास लिहिताना तीन स्तंभ समोर ठेवावेत : मालक कोण, वहिवाटदार कोण, आणि त्या काळात तेथे काय घडले. नगर भूमापनाचा उतारा, घरपट्टीची नोंद आणि जुनी भाडेपावती ही साधने वर्तमानपत्रांइतकीच आणि आत्मचरित्रांइतकीच मोलाची आहेत. पुण्यात अद्याप उभे असलेले वाडे थोडे आहेत आणि त्यांचे कागद घराघरांतील ट्रंकांत पडून आहेत. वाडा पडल्यावर त्याची नामावळी रचण्यापेक्षा, तो उभा असताना त्याचे कागद वाचणे हेच संशोधनाचे खरे कर्तव्य होय.